न्यूयॉर्कची ‘समोपोमिच’: एका युक्रेनियन पतसंस्थेचा प्रकरण अभ्यास

मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेजमध्ये १०८ सेकंड अव्हेन्यू या पत्त्यावर सेल्फ रिलायन्स न्यूयॉर्क फेडरल क्रेडिट युनियन, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या परवान्यावर चालणारी पतसंस्था, आहे. स्थापना १९५१ ची. युक्रेनियन माणूस तिला आजही ‘समोपोमिच’ म्हणतो, म्हणजे आपली आपण केलेली मदत. आपल्याकडच्या पगारदार पतसंस्थेत ज्याने संचालक म्हणून एखादी तरी टर्म काढली आहे, त्याला तिची बांधणी लगेच ओळखीची वाटेल. भाग (शेअर) घेतला की सभासद, प्रत्येकाला एक मत, कर्ज समिती वेगळी, तपासणी समिती वेगळी आणि वर्षाअखेरीस लाभांश.

अशा संस्थांबद्दल बोलताना ‘समाजाची एकी’ हे उत्तर सगळ्यांच्या जिभेवर तयार असतं. एकी होती, यात वाद नाही. पण एकी असलेल्या कितीतरी वस्त्यांमधल्या पतसंस्था बुडाल्या, त्यामुळे एकीवर बोट ठेवून भागत नाही. इथे जी गोष्ट पाहायची ती अशी: समोरचा ‘आपला माणूस’ आहे, ही माहिती कर्ज देताना मोठ्या कामाची ठरते आणि तपासणी करताना तितकीच घातक. सेकंड अव्हेन्यूवरच्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं, कारण ते न्यूयॉर्कला येण्यापूर्वीच सहकारात मुरलेले होते.

गॅलिशियातून काय आणलं

ऑस्ट्रियाच्या राजवटीतला गॅलिशिया प्रांत (आजच्या पश्चिम युक्रेन आणि आग्नेय पोलंडचा भाग) हे या कथेचं मूळ गाव. १८६८ नंतर तिथे व्याजावरची बंधनं उठली आणि शेतकरी सावकाराच्या तावडीत सापडला. शेतकऱ्यांसाठीच म्हणून निघालेल्या रुस्टिकल बँकेने जमिनी लिलावात काढल्या आणि १८८४ मध्ये ती बँकही बुडाली. या अनुभवातून युक्रेनियन वकील, पाद्री आणि शिक्षक सहकाराकडे वळले. १८८३ मध्ये लव्हिव्हला ‘नारोदना तोरहोव्ह्लिया’ हा सहकारी दुकानसंघ निघाला, १८९२ मध्ये ‘द्निस्तर’ ही विमा संस्था, १८९४ मध्ये पेरेमिश्लला तेओफिल कोर्मोश यांची ‘विरा’ ही पतसंस्था, आणि १८९८ मध्ये पतसंस्थांचा प्रांतिक संघ.

पण सगळ्यात मोलाचं पाऊल १९०४ मध्ये पडलं. त्या वर्षी त्यांनी स्वतंत्र तपासणी संघ उभारला. त्याचा निरीक्षक गावोगाव फिरायचा, रोजकीर्द आणि खतावणी ताडून पाहायचा, तिजोरीतली रोकड मोजायचा आणि शेरा लिहून द्यायचा. संस्था गावाची, सचिव गावचा, पण तपासणारा बाहेरचा. (हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तोही १९०४ मध्येच. दोन्हीकडे आदर्श ग्रामीण पतसंस्थांचा जर्मन प्रणेता राइफआयझेन याचाच. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी बडोद्यात ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ काढली ती त्याही आधी, १८८९ मध्ये.)

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, पोलंडच्या अमलाखाली, हे जाळं हजारो संस्थांपर्यंत गेलं. १९३० च्या दडपशाहीत पोलिसांनी गावोगावची सहकारी दुकानं फोडली, तरी संस्था पुन्हा उभ्या राहिल्या. १९३९ मध्ये सोव्हिएत सत्ता आली आणि स्वतंत्र सहकार संपला. तपासणी संघाचे एक प्रमुख नेते ओस्ताप लुत्स्की सोव्हिएत छावणीत मरण पावले.

१९४७ ते १९५१: माणसं आली, पत नव्हती

युद्धानंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या निर्वासित छावण्यांमध्ये सुमारे दोन लाख युक्रेनियन होते. अमेरिकेने १९४८ मध्ये विस्थापितांसाठी कायदा केला. त्यात अट अशी की, येणाऱ्याला नोकरी आणि राहायला जागा मिळेल याची हमी अमेरिकेतल्या कुणीतरी द्यायची. चर्च, नातेवाईक आणि फिलाडेल्फियातली युक्रेनियन मदत समिती यांनी अशा हमीपत्रांची थप्पी लावली. १९५२ पर्यंत या वाटेने ऐंशी हजारांच्या आसपास युक्रेनियन अमेरिकेत आले.

न्यूयॉर्कमध्ये त्यांची वस्ती टॉम्पकिन्स स्क्वेअर आणि पूर्व सातव्या रस्त्यावरच्या सेंट जॉर्ज चर्चच्या आजूबाजूला. छावणीत जो वकील होता तो इथे इमारतीचा रखवालदार झाला. बायका रात्री वॉल स्ट्रीटच्या उंच इमारतींमधली कार्यालयं झाडायला जात. पगार मिळत होता, पण बँकेत दाखवण्याजोगं काहीच नव्हतं: ना जुनं खातं, ना मालमत्ता, ना इंग्रजी. अडीअडचणीला उरायची ती परवानाधारक कर्ज कंपनी. राज्याराज्यांच्या कायद्यांनी अशा कंपन्यांना लहान कर्जावर महिन्याला दोन ते साडेतीन टक्के व्याज घेण्याची मुभा होती.

आधीच्या लाटेत आलेल्या खाणकामगारांची संस्था होती, पण ती विम्याची. पेनसिल्व्हेनियातल्या शमोकिनला १८९४ मध्ये स्थापन झालेली युक्रेनियन नॅशनल असोसिएशन माणूस गेला तर पैसे द्यायची, जिवंत माणसाला घरभाड्याची अनामत भरायला नाही. ही फट नव्या लोकांनी ओळखली. १९४७ मध्ये ‘समोपोमिच’ नावाची संघटना निघाली आणि तिच्या शहरोशहरीच्या शाखांनी पतसंस्था काढायला सुरुवात केली. न्यूयॉर्क आणि शिकागोची संस्था एकाच वर्षीची, १९५१ ची.

परवाना आणि पोटनियम

अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांनी २६ जून १९३४ रोजी सही केलेला फेडरल क्रेडिट युनियन कायदा या लोकांना फार सोयीचा पडला. किमान सात जणांनी सह्या केलेला स्थापनेचा दस्त वॉशिंग्टनला पाठवायचा आणि सभासद कोण होऊ शकतो त्याची चौकट त्यात लिहायची. त्या काळी अशी चौकट तीन प्रकारची असे: एकाच मालकाकडचे नोकर, एकाच संघटनेचे सदस्य किंवा एकाच वस्तीतले रहिवासी. युक्रेनियनांनी दुसरा प्रकार निवडला, कारण त्यांचे नोकरी देणारे शंभर होते आणि वस्ती पसरलेली. आधी संघटनेचं सभासद व्हायचं, मग पतसंस्थेचं.

एका भागाची दर्शनी किंमत ५ डॉलर. तीही हप्त्याने भरता यायची. मत एकच, मग भाग एक असो वा दोनशे, आणि प्रतिनिधीमार्फत मतदान नाही. संचालक आणि समिती सदस्यांना त्या कामाचा मोबदला नाही. पगार घेता येई तो खजिनदाराला, कारण रोजचं काम तोच पाही, आणि त्याच्यासाठी विश्वासघाताविरुद्धचा बाँड, म्हणजे अफरातफर झाली तर भरपाई देणारी हमी, काढावा लागे.

दोन कलमं मुद्दाम पाहण्यासारखी आहेत. एक, संचालक किंवा समिती सदस्याला स्वतःच्या भागांच्या रकमेपेक्षा जास्त कर्ज घेता येत नसे आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीनही राहता येत नसे. दोन, तपासणी समितीला दर तिमाहीला हिशेब तपासावे लागत, आणि काही वावगं आढळलं तर एकमताने कोणत्याही पदाधिकाऱ्याला निलंबित करून ताबडतोब सभासदांची सभा बोलावता येई. गॅलिशियातून आलेल्या माणसांना हे समजावून सांगायची गरज पडली नसणार. फक्त फिरता निरीक्षक आता संघाचा नव्हता, अमेरिकन सरकारचा होता.

ठेवींना मात्र विमा नव्हता. सरकारी भागविमा, म्हणजे सभासदांच्या ठेवींचा विमा, क्रेडिट युनियनना मिळाला तो १९७० मध्ये, आणि तोही सुरुवातीला २० हजार डॉलरपर्यंतच. म्हणजे पहिली १९ वर्षं पासबुकावरचा आकडा हा फक्त कर्जदारांच्या परतफेडीवर आणि राखीव निधीवर उभा होता. त्या निधीचा नियम कडक होता. निव्वळ उत्पन्नातले २० टक्के, शिवाय प्रवेश फी आणि दंडाची सगळी रक्कम बाजूला काढायची, ती एकूण भागांच्या १० टक्के होईपर्यंत. वर्षाला १,००० डॉलर सुटले तर २०० आधी निधीत, मग लाभांशाचं बोलायचं.

एक कर्ज जवळून

त्या काळच्या नियमांप्रमाणे ३०० डॉलरच्या कर्जाचं गणित मांडून पाहू. अर्ज लेखी, त्यात कारण लिहिलेलं असलंच पाहिजे. कर्ज समितीच्या बैठकीला हजर असलेल्या सगळ्यांची संमती हवी. एकाने मान हलवली नाही की अर्ज परत. व्याजाची कमाल मर्यादा शिल्लक रकमेवर महिना १ टक्का, आणि सगळे आकार त्यातच धरलेले. वेगळी अर्ज फी नाही, चौकशी फी नाही.

मुद्दल दरमहा २५ डॉलर. पहिल्या महिन्याचं व्याज ३ डॉलर, म्हणून हप्ता २८. दुसऱ्या महिन्यात शिल्लक २७५, व्याज २ डॉलर ७५ सेंट. असं उतरत बाराव्या महिन्यात व्याज २५ सेंट. वर्षभराचं एकूण व्याज १९ डॉलर ५० सेंट. हेच कर्ज कंपनीकडून महिना ३ टक्क्यांनी घेतलं असतं तर ५८ डॉलर ५० सेंट पडले असते. फरक ३९ डॉलरचा, आणि त्या वेळचा किमान वेतनदर ताशी ७५ सेंट होता. म्हणजे ५२ तासांची मजुरी वाचली.

समितीने हा अर्ज पारखायचा कशावर? पगाराचा पुरावा असेल तर उत्तम. नसेल तर तो कुठल्या चर्चमध्ये जातो, छावणीत कुणाच्या शेजारी राहायचा, त्याने आधी कुणाचे पैसे परत केले, हे समितीतल्या एकाला तरी ठाऊक असे. ही माहिती कुठल्याही बँकेला विकत घेता आली नसती. शिवाय जामीनदार ओळखीतलाच असल्यामुळे हप्ता चुकला तर वसुलीचं अर्धं काम रविवारी चर्चबाहेरच होऊन जाई.

याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की, ओळखीतल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. म्हणून एकमताची अट कामाची. नकार कुणी दिला हे अर्जदाराला कळत नाही, कळतो तो समितीचा निर्णय. आपल्याकडे अनेक पतसंस्थांत कर्ज समिती म्हणजे अध्यक्षांच्या होकारावर सही करणारी मंडळी असते. तिथे हा बांध फुटलेलाच असतो.

घरकर्जाची अडचण

कायद्याची एक बाजू मात्र या समाजाला जाचक होती. १९५१ मध्ये फेडरल क्रेडिट युनियनला कर्जाची मुदत ३ वर्षांपलीकडे नेता येत नव्हती आणि विनातारण कर्ज ४०० डॉलरपर्यंतच देता येई. १९५९ मध्ये मुदत ५ वर्षांवर आणि विनातारण मर्यादा ७५० डॉलरवर गेली. ५ वर्षांत कुणी घर फेडत नाही. त्यामुळे फेडरल परवान्याखाली घराच्या वाटेवरच्या लहान गोष्टींनाच मदत करता येई: आगाऊ रकमेतला कमी पडणारा भाग, बॉयलरची दुरुस्ती, छप्पर, फर्निचर. ३० वर्षांचं घरकर्ज द्यायची मोकळीक मिळाली ती १९७७ मध्ये.

तोवर ईस्ट व्हिलेज पार बदललं होतं. १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं, घरमालक इमारती टाकून जात होते आणि बँकांनी अशा भागांकडे पाठ फिरवली होती. मुलं शिकून लाँग आयलंडला गेली. संस्थेच्या शाखांचे पत्ते पाहिले तरी हे स्थलांतर दिसतं: अ‍ॅस्टोरिया, युनियनडेल, लिंडनहर्स्ट, आणि कॅट्सकिल डोंगरांकडचं करहॉन्कसन. करहॉन्कसनजवळच युक्रेनियन नॅशनल असोसिएशनने १९५२ मध्ये घेतलेलं ‘सोयुझिव्का’ हे विश्रामस्थळ आहे आणि निवृत्त मंडळींची वस्तीही त्याच टापूत.

खरं दुखणं: ठेवी भरपूर, कर्जदार कमी

बाहेरच्याला वाटतं की स्थलांतरितांच्या पतसंस्थेला थकबाकी मारते. या प्रकारच्या संस्थेचं जुनाट दुखणं उलटं आहे. पहिली पिढी काटकसरी. तिने चाळिशीत कर्ज घेतलं, पन्नाशीत फेडलं आणि साठीनंतर फक्त ठेवी वाढवल्या. दुसरी पिढी उपनगरातल्या बँकेत. ताळेबंदात पैसा साचत जातो आणि तो कमी व्याजाच्या सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो.

समजा ठेवी १०० रुपये आहेत, त्यावर ४ टक्के लाभांश द्यायचा आहे आणि खर्च दीड रुपया आहे. कर्ज ७ टक्क्यांनी जातं, रोख्यांवर ३ टक्के मिळतात. ठेवींपैकी ८० कर्जात असतील तर उत्पन्न ६ रुपये २० पैसे, खर्च वजा जाता ४.७०. लाभांश देऊन ७० पैसे उरले. कर्जात ५० च असतील तर उत्पन्न ५ रुपये, खर्च जाता साडेतीन. लाभांशाला ५० पैसे कमी. एकही कर्ज बुडालेलं नाही, तरी संस्था तोट्यात.

यावर सोपे उपाय दोन, आणि दोन्ही धोक्याचे. एक म्हणजे मोठ्या रकमांची कर्जं थोड्या लोकांना देणं. दुसरा म्हणजे जास्त व्याजासाठी लांब मुदतीचे रोखे घेणं. दुसऱ्याची परीक्षा १९८० च्या सुमाराला सगळ्या अमेरिकेने पाहिली. बाजारातले दर दोन आकड्यांत गेले, ठेवीदार बाजारदराने परतावा देणाऱ्या मनी मार्केट फंडांकडे वळले आणि जुन्या कर्जांवरचं व्याज तसंच राहिलं. क्रेडिट युनियनच्या कर्जावरची १२ टक्क्यांची मर्यादा सरकारने १९८० च्या मार्चमध्ये १५ वर आणि डिसेंबरमध्ये २१ वर नेली, ती या कोंडीमुळेच. शहाणपणाचा मार्ग कंटाळवाणा असतो: लाभांश थोडा कमी ठेवा, राखीव निधी वाढवा आणि नव्या कर्जदारांची वाट पाहा.

पहिला उपाय केला तर काय होतं

यासाठी न्यूयॉर्कहून ओहायोत जावं लागतं. क्लीव्हलंडजवळच्या ईस्टलेकमधली सेंट पॉल क्रोएशियन फेडरल क्रेडिट युनियन म्हणजे अशीच स्थलांतरितांची, चर्चभोवती वाढलेली संस्था. सुमारे ५,४०० सभासद, जवळपास २४ कोटी डॉलरची मालमत्ता. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि आठवड्याभरात मोडीत काढली. भागविमा निधीला सुमारे १७ कोटी डॉलरचा खड्डा पडला. मुख्याधिकाऱ्याने लाच घेऊन वर्षानुवर्षं बनावट कर्जं दिल्याचं न्यायालयात सिद्ध झालं आणि त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

कागदावर ही संस्था अप्रतिम दिसत होती. थकबाकी जवळपास शून्य. बरीचशी कर्जं सभासदाच्या स्वतःच्या ठेवीवर दिलेली, म्हणजे सर्वांत सुरक्षित समजली जाणारी. लाभांश बाजारापेक्षा चांगला. अनुभवी तपासनिसाला इथेच शंका यायला हवी. ज्याच्याकडे ठेव आहे तो इतकी कर्जं का घेतोय, आणि हजारो कर्जदारांत एकाचाही हप्ता का चुकत नाही?

उत्तर मिळवण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. सभासदांच्या खात्यांची पडताळणी करायची. प्रत्येकाला त्याची ठेव आणि कर्ज किती ते पत्राने कळवायचं, आणि उत्तर तपासणी समितीकडे परस्पर यायला हवं, कार्यालयात नाही. अमेरिकेत दर दोन वर्षांनी ती सक्तीची आहे. ती करताना हमखास चुका होतात त्या अशा: पत्रं व्यवस्थापकाच्याच टेबलावरून जातात, यादी कार्यालयानेच छापून दिलेली असते, परत आलेली पाकिटं कुणी उघडत नाही आणि ‘पत्ता बदलला’ म्हणून ज्यांची पत्रं पोचली नाहीत त्यांचा पाठपुरावा होत नाही. बनावट खातं नेमकं त्या शेवटच्या गठ्ठ्यात सापडतं. व्यवस्थापक सगळ्यांच्या लग्नाला जाणारा असतो, म्हणून त्याच्याकडे यादीची दुसरी प्रत मागायला समितीला संकोच वाटतो.

चौकट रुंदावली

१९९० नंतर दोन गोष्टी घडल्या. युक्रेन स्वतंत्र झाला आणि तिथून नवी माणसं येऊ लागली: तरुण, कमावती, कर्ज घेणारी. ताळेबंदाला हवं होतं तेच हे. पण ही माणसं जुन्या संघटनांत फारशी रमत नव्हती, आणि सभासदत्वाची वाट तर संघटनेतूनच जात होती. त्यात २५ फेब्रुवारी १९९८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की वेगवेगळ्या गटांना एका क्रेडिट युनियनमध्ये कोंबणं कायद्यात बसत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा बदलून तशी मुभा दिली आणि आधीच्या सभासदांना संरक्षण दिलं. संघटनेच्या चौकटीवर उभ्या संस्थांनी यातून एवढं घ्यायला हवं की, ज्या संघटनेमार्फत सभासद येतो ती खरोखर चालू असली पाहिजे: सभा, वर्गणी, कार्यक्रम, सगळं. नुसती कागदावरची संघटना पुढे नियामकापुढे टिकत नाही.

पैसा उलट दिशेनेही गेला. कॅनडा आणि अमेरिकेतल्या युक्रेनियन पतसंस्थांनी मायदेशी ही चळवळ पुन्हा उभी करायला हातभार लावला. कॅनडात साखळी आणखी जुनी आहे, सॅस्काटूनची ‘न्यू कम्युनिटी’ १९३९ ची. युक्रेनमध्ये १९९३ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या हुकमाने तात्पुरते नियम आले आणि क्रेडिट युनियनचा कायदा २० डिसेंबर २००१ रोजी झाला.

२०२२ नंतरचं टेबल

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेने ‘युनायटिंग फॉर युक्रेन’ ही योजना सुरू केली. इथेही हमीदार लागायचा, १९४८ सारखाच; नवे अर्ज मात्र जानेवारी २०२५ मध्ये थांबवण्यात आले. परवानगी मिळायची ती दोन वर्षांची, आणि कर्ज विभागापुढचा पेच नेमका तिथे.

खातं उघडणं जमतं. ओळख पटवण्याच्या नियमांत परदेशी नागरिकासाठी पासपोर्ट क्रमांक आणि देणारा देश चालतो, सोशल सिक्युरिटी क्रमांक येईपर्यंत थांबावं लागत नाही. पासपोर्टावरचं इंग्रजी स्पेलिंग आणि आगमन नोंदीतलं स्पेलिंग जुळत नाही, ही मात्र रोजची डोकेदुखी, कारण युक्रेनियन नावं रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत मधल्या काळात बदलली आहे. दोन्ही रूपं फाइलमध्ये नोंदवून ठेवली नाहीत तर पुढे पैसे पाठवताना व्यवहार अडतो.

कर्जाचं तसं नाही. गाडीचं कर्ज साधारण पाच वर्षांचं, राहण्याची परवानगी दोन वर्षांची. मुदत परवानगीइतकीच ठेवली तर हप्ता झेपत नाही. पूर्ण मुदत दिली तर तिसऱ्या वर्षी कर्जदार या देशात असेल का, ते त्याच्या हातात नाही आणि समितीच्याही नाही. व्यवहार्य मार्ग म्हणजे आधी शेकड्यांतलं लहान कर्ज, त्याच्याच ठेवीवर किंवा स्थायिक जामीनदारावर, बारा महिन्यांचं. ते वेळेवर फिटलं की पतनोंद तयार होते, मग गाडी. जामीनदार निवडताना हमीदारालाच धरायचा मोह होतो, पण एकाच घराने चार कुटुंबांची हमी घेतलेली असू शकते. त्याच्या नावावर आधीच किती जामिनक्या आहेत ते खतावणीतून काढून, आकड्यानिशी, समितीपुढे ठेवायचं आणि मगच अर्ज मताला टाकायचा.